१६ ऑगस्टचा दिनविशेष: फळ्यावर काय लिहावं?

खडूफळा | १२ ऑगस्ट, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी.

मी समुद्रपूर तालुक्यात, गिरडच्या पुढच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. शाळा दोन शिक्षकी, पट ३१. परिपाठ माझ्याकडे असतो. प्रतिज्ञा, उद्देशिका, प्रार्थना झाली की एक मूल पुढे येतं आणि दिनविशेष वाचतं. तो मी आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहून ठेवते.

व्हॉट्सॲपवर वर्षभराच्या दिनविशेषांची एक यादी फिरत असते. मी पाच वर्षं तीच उतरवत आले. परवा १६ ऑगस्टचं पान उघडलं. सायप्रसचं स्वातंत्र्य, १९६०. एल्व्हिस प्रिस्लेचा मृत्यू, १९७७. मनीषा कोईराला आणि सैफ अली खान यांचा जन्म, दोघांचंही साल १९७०. रामकृष्ण परमहंस यांची पुण्यतिथी, १८८६. अटलजींची पुण्यतिथी, २०१८. चिमूर नाही. आष्टी नाही.

माझ्या शाळेसमोरून चिमूरची एसटी जाते. पोरं रोज तिची पाटी वाचतात. १६ ऑगस्ट १९४२ ला त्या गावात काय झालं, हे त्यातल्या एकालाही माहीत नाही. मी सांगितलंच नाही, तर त्यांना कुठून माहीत असणार?

या वेळी फळा नव्यानं लिहायचा आहे. यादीतलं सगळं पुसायचं नाही, पण सुरुवात आपल्या मातीपासून व्हावी आणि मग बाहेर जावं. तुमच्याकडे १६ ऑगस्टचं जे पक्कं असेल ते सांगा. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून सांगा. जागा सात-आठ ओळींची, आणि वाचणारं मूल तिसरी-चौथीतलं.


पऱ्हाटी | १२ ऑगस्ट, रात्री ९:३४

मॅडम, लय चांगला विषय काढला. मी दारव्ह्याकडचा. आमच्या शाळेतही अशीच यादी वाचत. चिमूरचं नाव मी पहिल्यांदा बारावीनंतर ऐकलं, तेही तलाठी भरतीच्या पुस्तकात. वाचून राहिलो, सांगा सगळे.


आर्वीकडचा | १२ ऑगस्ट, रात्री ९:५२

आष्टी लिहाल तेव्हा "आष्टी (शहीद), जिल्हा वर्धा" असं पूर्ण लिहा, ही विनंती. आष्टी तीन आहेत. एक बीड जिल्ह्यात, एक गडचिरोलीत वैनगंगेच्या काठी, आणि एक आमची, आर्वीच्या वरच्या अंगाची. माझ्या पुतण्याच्या सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात ४२ ची आष्टी चक्क बीड जिल्ह्यात टाकली होती. पोरगं तेच पाठ करून बसलं होतं.

आमच्याकडे त्या दिवशी लोक तिरंगा घेऊन पोलिस ठाण्यावर गेले. ठाण्यावर झेंडा लावायचा होता. गोळीबार झाला, गावची माणसं पडली. मग लोक उसळले आणि ठाण्यातले पोलिसही मारले गेले. "शहीद" हा शब्द तेव्हापासून गावाच्या नावाला लागला. अमरावती जिल्ह्यात यावली आणि बेनोडा यांच्याही नावापुढे तो आहे. विदर्भात फिरताना पाटीवर "शहीद" दिसलं की समजा, १९४२ इथून गेलं.


उमाकाठ | १२ ऑगस्ट, रात्री ११:०५

मी चिमूरचा. गावातून उमा नदी जाते, म्हणून हे नाव घेतलं. सकाळी लिहीन म्हणत होतो, पण झोप येत नाही. जे पक्कं आहे तेवढं लिहितो जी.

८ ऑगस्टला मुंबईत "छोडो भारत"चा ठराव झाला, ९ ला पहाटे गांधीजींसकट सगळे पुढारी तुरुंगात गेले. आमचं गाव तेव्हा चांदा जिल्ह्यात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी या भागात घरोघर पोचली होती. सभेतलं भाषण ज्याला कळत नव्हतं त्याला भजन कळत होतं. लोक पेटले ते भजनावर, असं आमची जुनी माणसं आजही सांगतात. महाराजांना त्याच महिन्याच्या शेवटी चंद्रपूरला अटक झाली आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवलं.

१६ ऑगस्टला नागपंचमी होती. सकाळी प्रभातफेरी निघाली. पुढच्या लोकांना पकडलं, मग गर्दी वाढली, मग गोळी चालली. त्यात बालाजी रायपूरकर पडला. पोरगाच होता. ते पाहून गाव आवरलं नाही. सरकारी अधिकारी ज्या डाकबंगल्यात उतरले होते तो पेटवला. चार सरकारी माणसं मारली गेली. झाडं तोडून रस्त्यांवर आडवी टाकली, पूल तोडले, की बाहेरून फौज येऊ नये. दोन-तीन दिवस गावात इंग्रजांचा हुकूम चालला नाही. चिमूरचे लोक "आम्ही तीन दिवस स्वतंत्र होतो" म्हणतात ते यामुळे.

मग फौज आली. त्यापुढचं लिहायला हात जड होतो. पुरुषांची धरपकड झाली, घरं लुटली, आणि बायांवर अत्याचार झाले.

खटले चालले, पुष्कळांना फाशीची शिक्षा झाली. आष्टी-चिमूरच्या फाशीच्या कैद्यांसाठी नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी रान उठवलं. शेवटी त्या फाशी टळल्या, जन्मठेपेवर आल्या. अनसूयाबाईंचं नाव फळ्यावर आलं तर बरं वाटेल.


झाडीची_लेक | १३ ऑगस्ट, सकाळी ६:४०

उमाकाठ भाऊ, तुमची शेवटून दुसरी ओळ वाचली आणि चहा तसाच राहिला.

मॅडम, एक सांगते. आपल्याकडे १६ ऑगस्टची भाषणं दरवर्षी होतात. झेंडा, गोळी, डाकबंगला, टाळ्या. फौज आल्यावर बायांचं काय झालं, हे भाषणात एका वाक्यात उरकतात, नाहीतर गाळतातच. गावाची अब्रू जाते म्हणतात. पण त्या वेळी एका माणसाला तेच सगळ्यात मोठं वाटलं होतं. सेवाग्रामचे प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी. चिमूरच्या बायांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी करा, एवढीच त्यांची मागणी होती. वऱ्हाडचेच लोकनायक बापूजी अणे तेव्हा दिल्लीत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. भन्साळी त्यांच्या दारात जाऊन बसले. तिथून परत पाठवलं तर सेवाग्रामहून चिमूरला पायी निघाले. पुन्हा धरून आणलं. उपास चालूच. सरकारनं त्या उपासाची बातमी छापायला बंदी केली, तर वर्तमानपत्रांनी निषेध म्हणून एक दिवस अंकच काढले नाहीत. ११ नोव्हेंबर १९४२ ते १२ जानेवारी १९४३. ६३ दिवस. सरकारला बोलणी करावी लागली तेव्हा सुटला.

म्हणजे ज्या गोष्टीवर आपण पांघरूण घालतो, तिच्यासाठी एक माणूस ६३ दिवस उपाशी होता. तिसरीच्या पोरांना सगळं सांगू नका, पण गाळूही नका. "फौजेनं गावातल्या बायांना फार छळलं आणि त्याविरुद्ध भन्साळींनी उपोषण केलं", एवढं तर सांगता येतं.


खडूफळा | १३ ऑगस्ट, सकाळी ७:१५

ताई, हे वाक्य असंच्या असं घेते. पाचवीच्या मुलींना वेगळं बसवून थोडं अधिक बोलेन. त्यांना समजतं, आपल्याला वाटतं त्याहून जास्त.


वरोरा_नाका | १३ ऑगस्ट, सकाळी ८:०२

थोडं वेगळं बोलतो. राग मानू नका.

माझे पणजोबा त्या काळात पोलिसात शिपाई होते, चिमूरला नाही, दुसऱ्या ठाण्यावर. पगारासाठी नोकरी धरलेला कुणब्याचा पोरगा. त्या दिवशी मारल्या गेलेल्या चौघांत अधिकारी होते तसा शिपाईही होता. ती माणसं विलायतेहून आलेली नव्हती. त्यांच्याही घरी नागपंचमी असेल. लहान पोरांसमोर "चार सरकारी माणसांना मारलं" हे विजयासारखं वाचलं जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.


आर्वीकडचा | १३ ऑगस्ट, सकाळी ८:२०

तुमचं दुःख समजतं, पण दोन्ही बाजू एका तराजूत घालू नका. आधी गोळी कोणी चालवली?


वरोरा_नाका | १३ ऑगस्ट, सकाळी ८:३१

तराजू नाही म्हणत, दादा. गोळी सरकारनंच चालवली. मी फक्त म्हणतो की मेलेल्यांची गिनती पूर्ण सांगा.


उमाकाठ | १३ ऑगस्ट, सकाळी ९:१२

दोघंही थांबा जी. आमच्या घरात माझी आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा बालाजीचं नाव घेताना तिचा आवाज चढायचा आणि डाकबंगल्यावर आल्यावर खाली यायचा. ती म्हणायची, "लोकाईले भान नव्हतं." त्यात तिनं कोणाला चांगलं-वाईट म्हटलं नाही. मला वाटतं मॅडमनी तसंच सांगावं. गोळी चालली, मूल पडलं, लोकांचं भान सुटलं, माणसं मेली. क्रम तोच ठेवा.


पंचांगवाला | १३ ऑगस्ट, दुपारी १:४५

तुम्ही सगळे १६ ऑगस्ट म्हणून राहिले. त्या भागातल्या जुन्या माणसांना विचारा, ते "नागपंचमीचा उठाव" म्हणतील. तारीख ही सरकारी दप्तराची. गावाची आठवण तिथीनं चालते.

आणि नागपंचमी दर वर्षी हलते. बारा चांद्रमासांचं वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान, म्हणून सण मागे मागे सरकतो. अधिक मास आला की एकदम पुढे उडी मारतो. १९ सौर वर्षांत चंद्राचे जवळजवळ नेमके २३५ महिने बसतात, म्हणून दर १९ वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जवळ येतात. १९४२ मध्ये ७६ मिळवा, म्हणजे १९ चौक. आलं २०१८. त्या वर्षी नागपंचमी १५ ऑगस्टला होती, अवघा एक दिवस अलीकडे. दुसऱ्याच दिवशी, १६ ला, अटलजी गेले.

आणखी एक. नागपंचमीला आपल्याकडे जमीन खणत नाहीत, डवरा-वखर चालवत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत. त्यातून १६ ऑगस्ट १९४२ हा रविवार होता. श्रावणात निंदण-डवरणाच्या ऐन हंगामात एरवी गाव शेतात असतं. त्या दिवशी सगळं गाव गावातच होतं. एवढी गर्दी सकाळीच कशी जमली, याचं मला हे एक कारण वाटतं. माझा अंदाज आहे, दप्तरातला पुरावा नाही.


पऱ्हाटी | १३ ऑगस्ट, दुपारी २:१०

बाप्पा! डवऱ्याचं डोक्यातच आलं नव्हतं. खरं आहे. आमच्याकडे त्या दिवशी बैलही बांधूनच असतात.


खामगाव_मंडी | १३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

मी कापसाच्या अडतीत ३० वर्षं काढली. मला १६ ऑगस्टची एक दूरची नोंद द्यायची आहे आणि ती दूरची वाटत असली तरी आपलीच आहे.

१६ ऑगस्ट १८१९, इंग्लंडातलं मँचेस्टर. सेंट पीटर्स फील्ड नावाच्या मैदानात साठेक हजार माणसं जमली होती. बरीचशी कापड विणणारी. बायका पांढरे कपडे घालून, पोरं कडेवर घेऊन आल्या होत्या. मागणी काय? आम्हाला मत द्या. एवढ्या मोठ्या गिरण्यांच्या शहराला पार्लमेंटात स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. सरकारनं नंग्या तलवारींचे घोडेस्वार गर्दीत घातले. पंधराच्या वर माणसं मेली, शेकडो जखमी झाली. चार वर्षांपूर्वीच वॉटर्लूची लढाई झालेली, म्हणून लोकांनी या प्रकाराला "पीटर्लू" नाव ठेवलं.

आता हे आपलं कसं? पुढे याच मँचेस्टरच्या गिरण्यांना १८६१ ते ६५ च्या अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस मिळेना, आणि त्यांची नजर वऱ्हाडावर पडली. वऱ्हाड १८५३ लाच इंग्रजांकडे आलेलं होतं. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये लॉर्ड मेयोनं खास कापसासाठी आमच्या खामगावची रेल्वे शाखा उघडली. आपल्या काळ्या मातीत ज्वारी मागे सरली आणि पऱ्हाटी पुढे आली, ती या मागणीमुळे. ज्या गावात विणकरांवर घोडे घातले, त्याच गावच्या चात्यांना पुढे आपला कापूस गेला.

१८१९ ला तिकडे मँचेस्टर, १९१९ ला इकडे जालियनवाला. मधे बरोबर १०० वर्षं. आणि १९४२ ला चिमूर. नि:शस्त्र गर्दीवर राज्यकर्ते तुटून पडतात, हे १६ ऑगस्टला दोनदा झालं. मला ही तारीख वाचताना हेच आठवतं.


अडगाव_बु | १३ ऑगस्ट, संध्याकाळी ७:०५

काका, अप्रतिम. पण तिसरीतल्या पोराला मँचेस्टर?


खामगाव_मंडी | १३ ऑगस्ट, संध्याकाळी ७:२२

सांगून पाहा, भाऊ. त्याच्या घरच्या खोलीत कापूस छतापर्यंत भरलेला असतो, पोरं त्यावर झोपतात. तो कापूस पूर्वी बोटीत बसून कुठं जायचा, एवढंच सांगा. ते पोर ऐकेल.


वाटसरू_जबलपूर | १३ ऑगस्ट, रात्री ८:४८

सुभद्राकुमारी चौहान राहिल्या. जन्म १६ ऑगस्ट १९०४, प्रयागजवळ. झाशीच्या राणीवरची त्यांची कविता हिंदी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असते. लग्नानंतर त्या जबलपूरला आल्या आणि तेव्हा जबलपूर-नागपूर एकाच मध्य प्रांतात, राजधानी नागपूर. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांनी अटक करवून घेतली. वय १९ सुद्धा पूर्ण नव्हतं.

त्यांचं जाणंही आपल्याच रस्त्यावरचं. १५ फेब्रुवारी १९४८ ला नागपूरहून बैठक आटोपून मोटारीनं जबलपूरला परत जाताना सिवनीजवळ अपघात झाला, त्यात त्या गेल्या. मी त्या रस्त्यानं नेहमी जातो. सिवनी आलं की आठवण येतेच.


मिलवाल्याचा_पोरगा | १३ ऑगस्ट, रात्री १०:१५

कवी नारायण सुर्वे, निधन १६ ऑगस्ट २०१०, ठाणे. यादीत यांचंही नाव नाही म्हणता? मग ती यादी मराठी शाळेची कशी म्हणायची?

माझे बाबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये साचेवाले होते. जमशेटजी टाटांनी १८७७ च्या १ जानेवारीला काढलेली मिल. आमच्या घरात "माझे विद्यापीठ" हे एकच कवितेचं पुस्तक होतं, ज्ञानेश्वरीच्या शेजारी ठेवलेलं.

सुर्वे तान्हे असताना मुंबईत रस्त्यावर सापडले. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं आणि काशीबाईंनी त्यांना घरी नेलं, आपलं नाव दिलं. शाळा थोडीच झाली. पुढे स्वतः शाळेत शिपाई, मग शिक्षक. १९९५ ला परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, १९९८ ला पद्मश्री. पोरांना एवढंच सांगा की शाळेत शिपाई असलेला माणूस साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. आमच्या झेडपी शाळेच्या शिपाईकाकांनी ते ऐकलं असतं तर त्यांना किती बरं वाटलं असतं, हे राहून राहून मनात येतं.

आणि जन्मतारखेचं पाहा. सापडलेल्या बाळाला जन्मवेळ सांगणारं कोण असणार? ज्यांच्या जयंत्या आपण नेमक्या तारखेला करतो, त्यांतल्या किती जणांची तारीख कोणीतरी नंतर लिहिलेली असेल.


झाडीची_लेक | १४ ऑगस्ट, सकाळी ६:५५

हे तर आमच्या गावात घरोघर आहे. मी अंगणवाडीत काम करते, कागद भरायला माझ्याकडे येतात. साठीच्या वरच्या अर्ध्या माणसांची जन्मतारीख १ जुलै. शाळेत नाव घालताना गुरुजींनी पोराचा हात डोक्यावरून कानाला लावून पाहिला आणि टाकली १ जुलै. बाया ज्या शाळेतच गेल्या नाहीत त्यांची आधारवर १ जानेवारी. विचारलं तर सांगतात, "पोळ्याच्या पाडव्याची", "पूर आला त्या सालची", "भावाच्या पाठीवर दोन पावसाळ्यांनी". त्यांना आपला दिवस ठाऊक असतो. कागदाला ठाऊक नसतो.


निवृत्त_टपालवाला | १४ ऑगस्ट, सकाळी १०:३०

छोटी नोंद. १६ ऑगस्ट १८५८: अटलांटिक समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारेतून व्हिक्टोरिया राणीचा संदेश अमेरिकेच्या अध्यक्षांना गेला. शंभराला दोन कमी शब्द, आणि पोचायला १६ तास. ती तार काही आठवड्यांत बंद पडली. आपल्याकडची तार सेवा २०१३ च्या जुलैत थांबली तेव्हा मी शेवटच्या दिवशी स्वतःच्या बायकोला तार केली होती. ती अजून कपाटात आहे. पोरांना तार म्हणजे काय हे दाखवायचं असेल तर फोटो पाठवतो.


अडगाव_बु | १४ ऑगस्ट, दुपारी १२:०८

१९४६ चा कलकत्ता? त्या १६ ऑगस्टला मुस्लिम लीगच्या "प्रत्यक्ष कृती दिना"ला दंगल उसळली, काही दिवसांत हजारो माणसं मेली. मोठी घटना आहे, गाळता येणार नाही.

पुदुच्चेरीही आहे. फ्रेंचांनी कारभार १९५४ लाच सोडला होता, पण कायद्यानं ती वसाहत भारताची झाली ती १६ ऑगस्ट १९६२ ला. १५ ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी वाचायला बरी वाटते.


खडूफळा | १४ ऑगस्ट, रात्री ९:४०

कलकत्ता मी फळ्यावर लिहिणार नाही, वर्गात पाचवीला सांगेन. ज्या गोष्टीला पंधरा मिनिटं शांतपणे द्यायला हवीत ती एका ओळीत लिहून पोरांच्या हाती देणं मला पटत नाही. पुदुच्चेरी नक्की.

टपालवाले काका, फोटो पाठवाच.


खडूफळा | १६ ऑगस्ट, रात्री ८:५०

मंडळी, झालं. काल झेंडावंदनानंतर सगळे गेल्यावर दोन तास फळा लिहीत बसले. सात-आठ ओळींत बसेना, म्हणून उजवा कोपराही घेतला. असं लिहिलं:

"आज १६ ऑगस्ट. १९४२ साली या दिवशी नागपंचमी होती. आपल्याजवळच्या चिमूरमध्ये आणि वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीमध्ये लोकांनी इंग्रज सरकारविरुद्ध उठाव केला. चिमूरला गोळीबारात बालाजी रायपूरकर हा मुलगा शहीद झाला. लोकांचं भान सुटलं. चार सरकारी माणसंही मेली. मग फौजेनं गावातल्या बायांना फार छळलं. त्याविरुद्ध सेवाग्रामच्या भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. फाशीची शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचावेत म्हणून अनसूयाबाई काळे लढल्या."

त्याखाली सुभद्राकुमारी, नारायण सुर्वे, रामकृष्ण परमहंस, अटलजी, पुदुच्चेरी, प्रत्येकी एक ओळ. आणि शेवटी मँचेस्टर. खामगावचे काका, तुम्ही बरोबर होता. वाचून झाल्यावर पहिला प्रश्न कापसाचाच आला: "बोटीत कापूस भिजत नव्हता का?"

वाचणारी मुलगी चौथीतली. बालाजीचं नाव वाचताना ती थांबली आणि तिनं ते पुन्हा, सावकाश वाचलं. मी सांगितलं नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत तीच मुलगी जेवायला घरी गेली आणि आजीचा हात धरून आली. पणजी, खरं तर. फाटकाशी उभ्या राहून त्यांनी मला विचारलं, "बाई, नागपंचमीचं तुम्ही वाचून दाखवलं म्हणे?" मी खुर्ची दिली. त्या म्हणाल्या, त्यांचं माहेर चिमूरकडचं. त्यांची आई सांगायची की नागपंचमीला चिमूर पेटलं आणि त्यानंतर पाचव्या दिवशी ही झाली. फौजेच्या भीतीनं गावानं दिवे लावले नव्हते, सुईणीनं अंधारातच सगळं केलं. पाचवी पुजायलाही कोणी आलं नाही. आधार कार्ड कनवटीला होतं. त्यावर १ जानेवारी आहे, आणि सालही दुसरंच.

पंचांगवाले काका, हिशेब करून सांगाल का?


पंचांगवाला | १६ ऑगस्ट, रात्री ९:१५

नागपंचमी रविवार, १६ ऑगस्ट १९४२. त्यानंतरचा पाचवा दिवस शुक्रवार, २१ ऑगस्ट १९४२.

मॅडम, त्या आजींना माझा नमस्कार सांगा.


उमाकाठ | १६ ऑगस्ट, रात्री ९:२०

माझाही. माहेरचं गाव कोणतं, विचारून ठेवाल का जी? इथं नको लिहू, मला वेगळं कळवा. मी इकडून एखाद दिवशी भेटायला येतो.


खडूफळा | १६ ऑगस्ट, रात्री ९:४८

विचारते. २१ तारखेला यादीत विष्णु दिगंबर पलुस्करांची पुण्यतिथी आहे, १९३१. ती दुसऱ्या ओळीत लिहीन. पहिली ओळ कशी लिहायची ते आजींना विचारूनच ठरवेन. त्यांनी एवढंच सांगितलंय की नाव माहेरचं लिहा.